ऑक्टाव्हिया आरएसला कोल्ड एअर इनटेक: २० अश्वशक्ती खरोखर वाढते का?

यवतेश्वरचा_चढ (सातारा)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१८ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. दोन लिटरचे टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा असलेले) पेट्रोल इंजिन, कंपनीच्या आकड्यांनुसार २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क, सोबत सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स. गाडीत आजवर कोणताही बदल केलेला नाही. एअर फिल्टरसुद्धा कंपनीचाच, कागदी आहे. वापर म्हणाल तर रोज सातारा शहर ते एमआयडीसी, अधूनमधून खंबाटकीमार्गे पुणे आणि सवड मिळाली की मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर.

एका ॲक्सेसरीच्या दुकानात मला कोल्ड एअर इनटेकचा, म्हणजे इंजिनाला थंड हवा पुरवणाऱ्या फिल्टर-पाइपचा, एक संच दाखवण्यात आला. त्यात चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप आहे, त्याच्या टोकाला तेल लावलेल्या सुती कापडाचा कोन फिल्टर आहे आणि इंजिनाच्या बाजूने पत्र्याची एक आडभिंत आहे. एवढे बसवले की रिमॅप (इंजिनाच्या संगणकातील प्रोग्रॅम बदलणे) न करताही १५ ते २० अश्वशक्ती वाढते, असे दुकानदाराचे ठाम म्हणणे आहे. माझी शंका अशी, की कंपनीच्या फिल्टरच्या पेटीला समोरच्या जाळीमागून हवा घेणारे तोंड आधीपासूनच आहे. मग त्याहून थंड हवा हा संच आणणार कुठून? दुसरे असे, की सातारा समुद्रसपाटीपासून बराच उंच आहे आणि महाबळेश्वर त्याहून उंच, तेव्हा विरळ हवेत या बदलाचा उपयोग वाढतो की कमी होतो? आपल्याकडची धूळ, पाऊस आणि आरटीओचे नियम यांचाही विचार करूनच निर्णय घ्यायचा आहे. ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मिरजेचा_यंत्रशास्त्री (मिरज)

तुमची पहिली शंकाच कळीची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. इंजिनाची शक्ती दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत जाते यावर ठरते, कारण पेट्रोल त्या हवेच्या प्रमाणातच टाकता येते. जास्त हवा आत न्यायची तर ती थंड हवी, म्हणजे तिची घनता वाढते, किंवा तिच्या वाटेतला अडथळा कमी हवा, म्हणजे तिचा दाब टिकतो. इनटेकच्या जाहिरातीत या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. हिशोब मात्र वेगवेगळाच मांडावा लागतो.

आधी तापमान घेऊ. घनता ही केल्व्हिनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ५० अंश सेल्सिअस म्हणजे ३२३ केल्व्हिन आणि ४० अंश म्हणजे ३१३. म्हणजे हवा दहा अंशांनी थंड मिळाली तर घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. टर्बो नसलेल्या इंजिनातही हा फायदा सगळाच्या सगळा पदरात पडत नाही, कारण मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधून) आणि झडपांवरून जाताना हवा पुन्हा तापते. डायनोवरील (शक्ती मोजण्याच्या यंत्रावरील) आकडे दुरुस्त करण्याच्या प्रचलित सूत्रात तापमानाचे वर्गमूळ घेतात, ते याचमुळे. वर्गमूळ घेतले की तीन टक्क्यांचे दीड टक्के उरतात.

तुमची गाडी टर्बोची असल्याने मध्ये आणखी दोन पायऱ्या येतात. समजा, टर्बो हवेचा दाब १.८ पट करतो आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे. अशा वेळी ४० अंशांनी आत आलेली हवा साधारण १२२ अंशांनी बाहेर पडते आणि ५० अंशांनी आलेली साधारण १३४ अंशांनी, म्हणजे दहा अंशांचा फरक बारा अंशांचा होतो. त्यानंतर इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर, येतो. बाहेरच्या हवेच्या तुलनेत जितकी जास्तीची उष्णता हवेत आहे, तिच्यातली ७० टक्के त्याने काढून घेतली असे धरले, तर बारातले जेमतेम चार अंश इंजिनापर्यंत पोहोचतात आणि चार अंशांनी घनतेत एक टक्क्याच्या आसपास फरक पडतो. म्हणून टर्बोच्या गाडीत इनटेकच्या तोंडाशी थंड हवा मिळवण्यापेक्षा इंटरकूलर स्वच्छ ठेवणे, त्याच्यासमोरची हवेची वाट मोकळी ठेवणे याला मी अधिक महत्त्व देईन. तुमच्या इंजिनात ओबीडीवर (गाडीच्या संगणकातील आकडे वाचण्याच्या जोडणीवर) दिसणारे इनटेकचे तापमान बहुधा इंटरकूलरनंतरचे असते. त्यामुळे केवळ तो आकडा पाहून फिल्टरजवळची हवा गार आहे की गरम, याचा निष्कर्ष काढू नये.

पुढच्या बाजूने वेगाने घुसणाऱ्या हवेच्या दाबाचाही बराच गवगवा होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला साताऱ्याच्या हवेत हा दाब सुमारे चार मिलिबार भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. बॉनेटवर भले मोठे नाक बसवून त्या अर्ध्या टक्क्याची आराधना करणाऱ्यांविषयी मी अधिक काही बोलत नाही.

उंचीबाबत: सातारा साधारण साडेसातशे मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा आठ-साडेआठ टक्क्यांनी कमी असतो, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास असल्याने तिथे ही घट पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. टर्बो नसलेली गाडी हा तोटा निमूटपणे सोसते. टर्बोच्या गाडीचा संगणक मात्र वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन धूर सोडणारी झडप) अधिक मिटून घेतो, टर्बो अधिक वेगाने फिरवतो आणि बरीचशी भरपाई करतो. त्याच्या मोबदल्यात टर्बोतून बाहेर पडणारी हवा अधिक तापते आणि वरच्या आरपीएमला टर्बोची क्षमता लवकर संपते. यामुळे उंचावर इनटेकचा अडथळा कमी असणे थोडे जास्त उपयोगी ठरते, पण ते टर्बो आपल्या मर्यादेजवळ पोहोचलेला असेल तेव्हाच.

आता २० अश्वशक्तीच्या दाव्याकडे वळू. २३० मध्ये २० म्हणजे ८.७ टक्के. केवळ अडथळा काढून एवढी वाढ मिळवायची असेल, तर टर्बोच्या तोंडापर्यंत पोहोचताना हवेचा दाब आज जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी घटत असला पाहिजे. साताऱ्यात वातावरणाचा दाब ९२७ मिलिबारच्या आसपास धरला, तर ही घट ८० मिलिबार होते, म्हणजेच पाण्याच्या स्तंभात ८० सेंटिमीटरहून थोडी जास्त. एवढा गळा आवळलेला इनटेक कोणती कंपनी या दर्जाच्या गाडीला देईल, असे मला वाटत नाही. शिवाय तुमच्या संगणकाला ठरावीक टॉर्कचे लक्ष्य दिलेले आहे. हवा सहज मिळू लागली तर तो वेस्टगेट थोडा अधिक उघडतो आणि टॉर्क होता तेवढाच ठेवतो. अडथळा कमी झाल्याचे सुख टर्बोला मिळते, चाकांना नाही.

तरीही माझ्या म्हणण्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पारदर्शक नळी घ्या, एका लाकडी पट्टीवर तिला इंग्रजी यू अक्षराचा आकार द्या, तिच्यात रंगीत पाणी भरा आणि शेजारी सेंटिमीटरची मोजपट्टी चिकटवा. नळीचे एक टोक मोकळे ठेवा आणि दुसरे टोक लांब नळीने आधी फिल्टरच्या पेटीत फिल्टरच्या अलीकडे (हवा येते त्या बाजूला), मग फिल्टरच्या पलीकडे (इंजिनाच्या बाजूला) आणि शेवटी टर्बोच्या तोंडाजवळ जोडा. दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटरवर, वरच्या आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किती फरक पडतो ते पाहायचे. पट्टी चांगली मीटरभर उंच ठेवा, नाहीतर पाणी इंजिनात ओढले जाईल. गाडी चालवणाऱ्याने नळीकडे बघायचे नाही. त्यासाठी शेजारी दुसरा माणूस हवा आणि रस्ता रिकामा हवा. दहा सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण एक टक्का दाब, एवढे लक्षात ठेवले की कुठल्या भागावर खर्च करण्यात अर्थ आहे, ते आपोआप कळेल.

कुपवाड_गॅरेज (सांगली)

सरांनी हिशोब मांडला आहे, त्यामुळे मी फक्त गॅरेजमध्ये जे दिसते ते लिहितो.

आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या, कडेच्या मातीचा फुफाटा, उसाचे पाचट जाळल्याची काजळी आणि वीटभट्ट्यांची राख, हे सगळे एकदमच सुरू होते. फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ या मानकाप्रमाणे करतात आणि तीत हवेला होणारा अडथळा व फिल्टरने अडवलेली धूळ या दोन्ही गोष्टी मोजतात. विक्रेते तुम्हाला फक्त पहिली गोष्ट सांगतात. तेल लावलेला कापडी फिल्टर हवा मोकळी सोडतो हे खरे, पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा त्याच्या पुढेच असतो. बारीक धूळ म्हणजे वाळूचेच कण; ते टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडतात. असे फिल्टर वापरलेल्या गाड्यांमध्ये फिल्टरनंतरच्या पाइपच्या आतून पांढरे फडके फिरवले की पुष्कळदा तपकिरी डाग येतो. कागदी फिल्टर बसवलेल्या, पेटीचे रबर नीट असलेल्या गाडीत तो सहसा येत नाही.

धुतल्यानंतर अशा फिल्टरला तेल जास्त लागले, तर ते हवेबरोबर पुढे जाते. ज्या गाड्यांमध्ये हवा मोजणारा तापलेल्या तारेचा सेन्सर असतो, त्यांत तारेवर तेल आणि धूळ यांचा थर बसतो, हवा चुकीची मोजली जाते आणि गाडी अडखळू लागते. ज्या गाड्या फक्त मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज घेतात, त्यांना हा विशिष्ट त्रास होत नाही.

पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम ठळकपणे मांडतो. काही संचांमध्ये थंड हवा मिळावी म्हणून फिल्टर पार खाली, बंपरच्या कोपऱ्यात, फॉग लॅम्पच्या मागे बसवतात. कागदावर ही जागा उत्तम आहे. सांगलीसारख्या गावात मात्र ती घातक आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उभ्या गाड्या बुडाल्या, तो प्रश्न निराळा. इथे वळवाचा एक जोरदार पाऊस झाला तरी सखल चौकांत चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी साठते आणि त्यातून गाडी घातली की समोर उठणारी लाट थेट त्या फिल्टरवर जाते. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते घोटभर जरी गेले तरी पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि प्रकरण इंजिन उघडण्यावर येते. अशी एक गाडी आमच्याकडे ओढून आणली गेली होती. मालकाला दुरुस्तीचा अंदाज ऐकवणे हे त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम होते. ऑक्टाव्हियाचे कंपनीचे तोंड वर, जाळीच्या मागे आहे आणि ते तिथेच राहू द्यावे.

राहिली ती पत्र्याची आडभिंत. ती वरून उघडी असेल आणि बॉनेट बंद केल्यावर तिच्या कडेचे रबर बॉनेटला घट्ट टेकत नसेल, तर ती फक्त फोटोसाठी आहे असे समजावे. गरम हवा भिंतीला वळसा घालून फिल्टरपर्यंत पोहोचतेच.

कराडचा_जीटी (कराड)

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडतो. माझ्याकडे १.२ लिटरची पोलो जीटी टीएसआय आहे. कंपनीचे आकडे १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर. तिच्यात मी पूर्ण बंद पेटीचा, कंपनीच्याच जागेवरून हवा घेणारा इनटेक बसवला आहे. मात्र तो रिमॅपच्या सोबत बसवला, एकटा नव्हे. रिमॅपमध्ये बूस्टचे (टर्बोने वाढवलेल्या दाबाचे) लक्ष्य वाढते, इंजिन पूर्वीपेक्षा जास्त हवा मागते आणि जी वाट मूळ शक्तीला पुरेशी होती, ती अपुरी पडू लागते. तेव्हा इनटेकला अर्थ येतो. कुंभार्ली घाट चढताना वरच्या आरपीएमला गाडी आता दमल्यासारखी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यातले श्रेय रिमॅपचे किती आणि इनटेकचे किती, हे वेगळे काढण्याचा दावा मी करणार नाही.

दुसरे, आवाजाला इतके तुच्छ लेखू नये. ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बोचा श्वास ऐकू येणे यात आनंद आहे आणि हौसेसाठी खर्च करायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. आक्षेप एवढाच, की आवाजाचे पैसे शक्तीच्या नावाखाली घेतले जाऊ नयेत. कानाला गाडी वेगवान वाटली म्हणजे ती वेगवान झाली असे नाही. मोकळ्या फिल्टरच्या बाबतीत बहुतेकांची फसगत इथेच होते.

डायनोचा कागद दाखवून कोणी विक्री करत असेल, तर चाचणीच्या वेळी बॉनेट उघडे होते का, हे अवश्य विचारा. बॉनेट उघडे ठेवून समोर मोठा पंखा लावला की मोकळ्या कोन फिल्टरलाही बाहेरची गार हवा मिळते. पोवई नाक्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला ती मिळणार नाही.

जुना_वाहनमित्र (सातारा)

कायद्यापुरते लिहितो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ च्या पोटकलम ४ मध्ये, नियमांत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे आणि बाहेरून बसवलेल्या सुट्या भागांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीच्या पेटीत त्याच मापाचा दुसरा फिल्टर टाकणे आणि अख्खी पेटी काढून पाइप व कोन बसवणे, या दोन गोष्टींकडे तपासणी करणारा अधिकारी एकाच नजरेने पाहील असे समजू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे विमा. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला न कळवल्यास दाव्याच्या वेळी वाद उपस्थित होऊ शकतो. मूळ पेटी, पाइप आणि क्लिपा कोणत्याही परिस्थितीत भंगारात देऊ नका.

यवतेश्वरचा_चढ (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. मिरजेच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे नळी तयार करून मोजमाप केले. शेजारी बसून पातळी टिपण्याचे काम धाकट्या भावाने केले. महामार्गालगतच्या रिकाम्या पट्ट्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, सहा हजार आरपीएमच्या आसपास पातळीतला फरक फिल्टरच्या अलीकडे साधारण ७ सेंटिमीटर, फिल्टरच्या पलीकडे १२ आणि टर्बोच्या तोंडाजवळ ३४ सेंटिमीटर आला. म्हणजे ज्या फिल्टरवरून एवढी चर्चा झाली, त्याच्या वाट्याला केवळ ५ सेंटिमीटर येतात आणि बहुतेक घट त्याच्या पुढच्या पाइपमध्ये व टर्बोपाशी असलेल्या वाकड्या तुकड्यात होते.

फिल्टरच्या पेटीत एक साधा तापमापकही ठेवून पाहिला. गाडी महामार्गावर धावत असताना पेटीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनीच गरम होती. गर्दीत उभे राहिल्यावर ती बरीच तापली, पण रस्ता मोकळा मिळताच थोड्या वेळात पुन्हा खाली आली. दुकानातला संच घेण्याचा विचार मी आता सोडला आहे. प्रश्न एवढाच उरतो, की फिल्टरनंतरचा पाइप आणि टर्बोचा तो वाकडा तुकडा तेवढा बदलावा का? आणि बदललाच, तर पाइप ॲल्युमिनियमचा असल्याने हवा तापण्याची भीती किती खरी आहे?

मिरजेचा_यंत्रशास्त्री (मिरज)

मोजमाप उत्तम केले आहे. ३४ सेंटिमीटर म्हणजे ३३ मिलिबार, म्हणजे साताऱ्याच्या दाबाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. इनटेकमधला सगळा अडथळा जादूने नाहीसा झाला आणि संगणकानेही आडकाठी केली नाही, तरी कमाल मर्यादा आठ अश्वशक्तीची. एकट्या फिल्टरच्या ५ सेंटिमीटरांत अर्धा टक्का, म्हणजे जेमतेम एक अश्वशक्ती आहे. पाइप आणि वाकडा तुकडा मिळून होणाऱ्या २२ सेंटिमीटरांपैकी निम्मे वाचले असे धरले, तर रिमॅपशिवाय त्यातले फारसे काही चाकांपर्यंत येणार नाही. रिमॅप करणार असाल, तर बदलण्याजोगा भाग तोच आहे.

ॲल्युमिनियमची भीती अवास्तव आहे. पूर्ण शक्तीला तुमच्या इंजिनाला सेकंदाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास हवा लागते. ७० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमधून ती सेकंदाला चाळीस मीटरहून अधिक वेगाने जाते, म्हणजे अर्ध्या मीटरचा पाइप ओलांडायला तिला सेकंदाच्या शंभराव्या भागाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ती लक्षात येण्याइतकी तापत नाही. गर्दीत संथ चालताना ती तापते, पण तेव्हा शक्ती मागतोच कोण?

कुपवाड_गॅरेज (सांगली)

पाइप बदलाच्या निर्णयावर आलात, तर कामाच्या वेळी दोन गोष्टी स्वतः उभे राहून पाहा. इंजिनातील वाफा परत घेणारी नळी या पाइपला टर्बोच्या अलीकडे येऊन मिळते. नव्या पाइपवर तिच्यासाठी नेमक्या मापाची जोड असली पाहिजे, तिथे टेप गुंडाळून किंवा साधी क्लिप आवळून वेळ मारून नेऊ देऊ नका. आणि फिल्टरनंतरच्या प्रत्येक जोडावरील पट्टे इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळून घ्या. फिल्टरच्या पुढे कुठेही फट राहिली तर धूळ न गाळता थेट टर्बोत जाते आणि मग आत फिल्टर कोणताही असला तरी फरक पडत नाही. तोपर्यंत नवीन कागदी फिल्टर टाका, पेटीच्या कडेचे रबर तपासा आणि समोरच्या जाळीमागच्या तोंडात पाने किंवा पाचट अडकले आहे का, ते एकदा हात घालून पाहा. हंगामात आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या त्या तोंडातून मूठभर कचरा सहज निघतो.